पोटातली वस्ती

१

सकाळचा चहा उकळेपर्यंत डॅनियल अष्टमकर आपलं औषध घेऊन मोकळा व्हायचा. पुडी फाडायची, आतली फिकट पिवळी पावडर कोमट पाण्यात ढवळायची आणि उभ्याउभ्याच पेला रिकामा करायचा. मग मिशीवरचं पाणी पुसत तो बायकोला सांगायचा, "दीना, पहिली शिफ्ट आत गेली." उमेदीची सारी वर्षं त्याने धाटावच्या एका कारखान्यात माणसांच्या शिफ्ट लावण्यात घालवली होती. पोटात जंतू सोडायचे म्हटल्यावर त्यांनाही त्याने कामगारच करून टाकलं.

रोह्याला नदीपलीकडे, अष्टमीत त्यांचं घर. एके काळी त्या आळीत बेने इस्राएल यहुद्यांची बरीच बिऱ्हाडं होती. एकेक करून बहुतेक सगळी इस्राएलला गेली. मुलगी शीराही लग्न होऊन तिकडेच स्थायिक झाली. दीना शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. डॅनियलला तरुणपणी एका अपघातात रक्त चढवावं लागलं, त्या रक्तातून कावीळ आली आणि ती आत मुरून बसली. यकृत हळूहळू सुकत गेलं. मग आतड्यात तयार होणारा अमोनिया रक्तातून मेंदूत चढायला लागला.

तो काळ दीनाला आठवायलाही नको वाटे. डॅनियल कपड्यांच्या कपाटात लघवी करायचा. तिला आईच्या नावाने हाक मारायचा. एकदा तर ती चोर आहे असं समजून त्याने तिच्या पाठीत पाट घातला होता.

पेणच्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालली होती, तिथे डॉक्टर सुजय भेटले. पोरगेलासाच डॉक्टर, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. ते म्हणाले, हे आपल्या आतड्यातलेच साधे जंतू आहेत. प्रयोगशाळेत फक्त त्यांची भूक बदलली आहे. ते अमोनिया खातात. आणि ते वस्तीला राहत नाहीत. पुड्या थांबल्या की थोड्याच दिवसांत पोट रिकामं. शिवाय त्यांनी गोळ्यांचं एक पाकीट वेगळं दिलं. कधी नको वाटलंच तर ह्या द्यायच्या, जंतू मरतील. "पण काकू, मग काका पुन्हा पहिल्यासारखे होतील, हेही ध्यानात ठेवा."

महिन्याभरात डॅनियल माणसात आला. शुक्रवारी संध्याकाळी दीनाने दिवे लावले, त्याने मनुकांच्या शरबताचा पेला हातात धरून किद्दुशची प्रार्थना म्हटली, आणि एकही शब्द चुकला नाही. दीनाने एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं ताट केलं. शेजारचे हैबतराव खाली बसता येत नसतानाही काठी टेकत आले आणि पोहे-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन गेले.

२

पहिली गोष्ट तिला दिसली ती एस.टी. स्टँडवर.

भाजी घेऊन ती रिक्षाकडे निघाली होती. स्टँडच्या मागच्या अंगाला सार्वजनिक मुतारी आहे. तिथून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात आणि पावलं उचलतात. त्या भिंतीला पाठ टेकून डॅनियल उभा होता. डोळे मिटलेले, हनुवटी वर. एखाद्या घरात बोंबील तळायला टाकावेत आणि भुकेला माणूस दारात थबकावा, तसा.

तिने हाक मारली. त्याने शांतपणे डोळे उघडले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. उन्हाने गरगरलं म्हणून जरा टेकलो, म्हणाला. दीनाला ते पटलं. चक्कर यायचं ते वयच.

मग घरातली मोरी. जुनं घर, जुनी मोरी, पावसाळ्यात तिचा उग्र वास माजघरापर्यंत यायचा. यंदा वास नव्हता. फिनेल न टाकता, न घासता, मोरी नुसती कोरी वाटायची. डॅनियल तिथे फार वेळ बसायचा. आतून कडी लावलेली असायची आणि पाण्याचा आवाज यायचा नाही. यायचा तो फक्त श्वासाचा. लांब, ओढून घेतलेला, मधे अजिबात न थांबणारा.

म्हातारपणी माणसाला वेळ लागतो, असं दीनाने स्वतःला समजावलं.

एक दिवस ती औषधाचा खोका झाडायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की खोका भरलेलाच आहे. पेणहून आणलेल्या नव्या पुड्यांना हातच लागला नव्हता. सकाळचा पेला तर ती रोज विसळत होती. म्हणजे हा नुसतं पाणी पीत होता.

तिने विचारलं तेव्हा डॅनियल वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "आता लागत नाही. ते राहिलेत."

पुड्या बंद झाल्या तर जंतू निघून जायला हवे होते आणि त्याचा मेंदू पुन्हा बिघडायला हवा होता. उलट तो शब्दकोडं सोडवत होता. दीनाने खोका फळीवर ठेवला. चांगलं चाललंय ते कशाला उसवा, असं तिच्या मनाने घेतलं. त्या कपाटाची, त्या पाटाची भीती तिच्या हाडात बसली होती.

३

नव्याचा सण, म्हणजे यहुदी नववर्ष, जवळ आला तशी तिने केसांना कलप लावायचा बेत केला. वाटीत कलप कालवला की त्यातला अमोनिया डोळ्यांना झोंबतो, म्हणून ती मागच्या पडवीत बसली. दुपारचं लख्ख ऊन होतं. परसातल्या शेवग्यावर कावळे बसले होते.

अर्धं डोकं झालं असेल. पाठीमागे पावलं वाजली. डॅनियल तिच्या मागे येऊन बसला आणि त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. किती तरी वर्षांनी तो असा जवळ आला होता. दीना लाजून हसलीसुद्धा. म्हणाली, अहो, रंग लागेल.

त्याने नाक तिच्या भांगात खुपसलं आणि श्वास ओढला. तो श्वास संपेना. मग तिला जीभ जाणवली. मग दात.

ती उठायला गेली तर त्याची मूठ केसांत वळलेली. त्याने तिचं डोकं मागे खेचलं, गुडघा तिच्या पाठीच्या कण्यात रोवला आणि ओल्या केसांची बट तोंडात घेऊन तो चोखायला लागला. लहान मूल उसाचं कांडं चोखतं तसं, आवाज करत. दीना ओरडली. त्याने झटका दिला. डोक्यावरची कातडी सुटताना तिला आतून, हाडाशी ऐकू आली.

शेवटी तिने वाटी उचलून मागे मारली. ती त्याच्या कपाळावर बसली, काळा रंग त्याच्या तोंडावरून ओघळला, तेव्हा मूठ सैल झाली. तो तिथेच मांडी घालून बसला. ओठ काळे, आणि दातांत तिच्या केसांचा पुंजका, त्याला चिकटलेलं रुपयाएवढं कातडं. चेहऱ्यावर राग नव्हता. जेवून उठलेल्या माणसासारखा तो निवांत दिसत होता.

"लागलं का गो?" त्याने विचारलं. आणि तोंड पुसायच्या आधी त्याने ओठांवरचा रंग जिभेने वर घेतला.

४

पेणच्या इस्पितळात तपासणीच्या दिवशी बाकावर नेहमी वनिता भेटायची. कासूकडच्या एका आदिवासी वाडीवर तिचं घर. तिचा नवरा कृष्णा वीटभट्टीवर मजुरी करायचा. त्यालाही असंच जुन्या काविळीने यकृताचं दुखणं आणि हीच पावडर. दीना तिच्यासाठी घरून चपात्या न्यायची, वनिता कधी रानभाजी आणायची. दोघींचे नवरे आत तपासून घेत तोवर त्या बोलत बसत.

त्या दिवशी दीनाच्या डोक्याला रुमाल होता आणि वनिताच्या हाताला कोपरापासून पट्टी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आधी वनिता बोलली. कृष्णा घरात निजायचा बंद झाला होता. बकऱ्यांच्या गोठ्यात जाऊन ओल्या लेंड्यांत तोंड घालून पडायचा. तिला वाटलं, पावडरीने अंगात उष्णता आली असेल, म्हणून गारव्याला जात असेल. मग परवा सकाळी ती गोठा उघडायला गेली.

"सगल्या मारल्यान, बाई," ती म्हणाली. "गाभणी पण. सुरी नाय, कोयती नाय. हातान फाडल्यान. मास नाय खाल्लान, कालीज नाय खाल्लान. मुताची पिशवी तेवडी काडून घेतल्यान प्रत्येकीची."

ती मधे गेली तेव्हा त्याने तिचा हात पकडून उलटा वळवला होता, दार उघडताना कडी वळवावी तसा. आणि पुन्हा पिशवीला तोंड लावलं होतं.

दीनाच्या तोंडातून निघालं ते शिक्षिकेचं बोलणं. औषधाचा काही जणांना त्रास होतो, मात्रा कमी-जास्त होते, डॉक्टरांना सांगायला हवं. वनिताने तिच्या रुमालाकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही सांगितलंत का?

दीनाने सांगितलं नव्हतं. वनितानेही नाही. तिचा नवरा आधी भिंतीशी बोलत बसायचा, आणि आता भट्टीवर दुप्पट विटा पाडत होता.

दार उघडून दोघे पुरुष बाहेर आले. मागून डॉक्टर सुजय हसत आले. रक्तातला अमोनिया इतका कमी आपण कोणातच पाहिला नाही, म्हणाले.

५

हैबतरावांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ठरल्या दिवशी त्यांना रक्त शुद्ध करायला नेत. त्या आठवड्यात इस्पितळातलं यंत्र बिघडलं म्हणून खाडा पडला. ते सुजले, खाटेला खिळले, आणि त्यांच्या श्वासाला तो वास यायला लागला. दीनाला तो ओळखीचा होता; शाळेच्या प्रयोगशाळेत नवसागर नि चुना तापवला की असाच वास यायचा. सून अनिता बिचारी तोंड फिरवून त्यांना भरवायची.

डॅनियलची आणि त्यांची रमीची जुनी बैठक. तो दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागला. अनिताला तेवढीच बाजारात जायला सवड मिळायची. ती म्हणायची, काकांना किळस म्हणून नाही हो, अगदी तोंडाशी तोंड लावून बोलतात.

हे ऐकलं तेव्हा दीना भाताची पेज घेऊन निघाली होती. ती फाटकातच होती आणि अनिता पिशवी घेऊन बाहेर पडत होती. दीनाने पुढचं ऐकून घेतलं नाही.

ओटीवर पत्ते मांडलेले होते. आतून आवाज येत होता. रिकाम्या नळाला तोंड लावून ओढावं, तसा घुसळत येणारा आवाज, आणि त्याच्यात मधूनच खाटेची कुरकुर.

डॅनियल हैबतरावांच्या छातीवर बसला होता. दोन्ही गुडघे बरगड्यांवर, दोन्ही हातांनी जबडा फाकवलेला. त्याचं तोंड त्यांच्या तोंडावर बसलं होतं आणि गाल आत गेले होते. हैबतरावांचे सुजलेले पाय चादरीवर घासत होते, टाचा सोलवटल्या होत्या. बरगडी मोडल्याचा आवाज दीनाने ऐकला. डॅनियल थांबला नाही. त्याने नुसती बैठक जरा सावरली.

तिने पेजेचं पातेलं त्याच्या पाठीवर फेकलं. गरम पेज मानेवरून खाली ओघळली. कातडी लाल झाली, तरी तो हलला नाही. मग तिने कोपऱ्यातला लाकडी स्टूल उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला स्टुलाचा पाय तुटला आणि डॅनियल खाली पडला.

हैबतरावांचे डोळे उघडे होते. ओठ एका बाजूने फाटून गालापर्यंत गेले होते. त्यांच्या तोंडाला आता कसलाच वास नव्हता.

जमिनीवर पडूनच डॅनियलने दीनाकडे पाहिलं. "थोडंच होतं," तो म्हणाला.

फाटक वाजलं. अनिता काहीतरी विसरली म्हणून परत आली होती. ती दारात उभी राहिली, आणि तिचा प्रश्न तोंडातून निघायच्या आत दीना बोलून गेली. अनिता, त्यांचा श्वास अडकला गो. ह्यांनी तोंडाने श्वास द्यायचा फार प्रयत्न केला. छाती दाबली. नाही आले.

अनिता हंबरडा फोडून डॅनियलच्या पाया पडली.

६

सगळ्या अष्टमीत डॅनियलचं नाव झालं. स्वतः आजारी माणूस, पण मित्रासाठी जिवाचं रान केलंन, असं लोक म्हणाले. खांद्याची सूज पाहून तर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं. हैबतरावांना नदीकाठी अग्नी दिला तेव्हा डॅनियल सर्वांत पुढे उभा होता. दीना मान खाली घालून बायकांत बसली. कोणी तिचा हात धरून म्हटलं, भाग्यवान आहेस, असा नवरा मिळाला. तिने हात सोडवून घेतला.

घरी येऊन तिने गोळ्यांचं पाकीट काढलं. उशीर झाला होता हे तिला कळत होतं. ह्या गोळ्यांनी डॅनियल पुन्हा वेडा होईल आणि बहुधा मरेल, हेही कळत होतं. तिने गोळ्या खलात कुटल्या, तुरीच्या आमटीत घातल्या, वर चिंचेचा कोळ घातला आणि ताट वाढलं.

डॅनियलने आमटीभाताचा घास तोंडाशी नेला आणि तो थांबला. पोटावर हात ठेवला. कान देऊन ऐकावं तसं डोकं एका बाजूला कललं.

मग त्याने ताट बाजूला सरकवलं. अगदी हळू, आमटी सांडू न देता. तिचा उजवा हात हातात घेतला, वाढणारा हात, आणि एकेक बोट मागे मोडत गेला. दीना किंचाळली तेव्हा तो तिला लहान मुलीसारखा समजावत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला आयुष्यभर शपथेवर सांगता आलं असतं की रडणारा डॅनियलच होता. हात मात्र थांबले नाहीत.

"नको करू गो," तो म्हणत होता. "ते घाबरतात."

पहाटे त्याला झोप लागली तेव्हा तिने डाव्या हाताने डॉक्टर सुजयना फोन लावला. सगळं नाही सांगितलं. हैबतरावांचं तर नाहीच. पण बकऱ्यांचं सांगितलं, केसांचं, बोटांचं सांगितलं. ते म्हणाले, काकू, कालपासून मला आलेला हा चौथा फोन. सगळ्यांना आजच्या आज बोलावतोय. औषध शिरेतून देऊ.

७

डॅनियल मुकाट्याने तयार झाला. नवा सदरा घातला. आगगाडीत खिडकीशी बसला.

कासूला कृष्णा आणि वनिता चढले. कृष्णा डॅनियलसमोर बसला. दोघांनी एकमेकांना ओळखसुद्धा दाखवली नाही. पण दीनाला दिसलं, की दोघांची पोटं एकाच वेळी वर येत होती आणि एकाच वेळी खाली जात होती. तिने नजर वळवली. गाडीच्या हेलकाव्याने तसं होत असेल, असं मनाशी म्हटलं. गाडी तेव्हा सिग्नलला थांबलेली होती.

पेणला उतरल्यावर रिक्षा डावीकडे मिळतात. हे दोघे उजवीकडे वळले. वनिताने कृष्णाचा हात धरला, त्याने तो झटकला आणि ती रुळांलगतच्या कठड्यावर आदळली. दीना तिला उठवेपर्यंत ते बरेच पुढे गेले होते, धावत नव्हते, पण झपझप. चौकात एका बंद मोटारीचं दार उघडलं आणि नऊवारी नेसलेली एक म्हातारी उतरून त्यांच्या मागे चालायला लागली. तिची मुलगी तिच्यामागे ओरडत धावत होती. पुढे एका गल्लीतून आणखी दोघे आले. इस्पितळाच्या बाकावरची ओळखीची तोंडं.

खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा एक कारखाना आहे. मासळीवाले तिथून लाद्या नेतात. दारात भुसा पसरलेला, गोणपाटं वाळत घातलेली, टेम्पोत लाद्या चढवणं चाललेलं. भर दुपार. दीनाला तो कारखाना दिसला आणि ती धावायला लागली. बर्फ अमोनियाने गोठवतात, हे तिने वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं.

आतल्या यंत्राच्या खोलीत पांढऱ्या हिवाने मढलेले जाड नळ होते. ऑपरेटर डबा उघडून जेवत होता. तो उठून म्हणाला, ओ काका, इकडे नाही. डॅनियलने भिंतीवरचा लांब पाना उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. तो पडला, तरी मारत राहिला. डोकं, मान, पुन्हा डोकं. म्हातारीने त्याला ओलांडलं आणि उघड्या हातांनी नळावरचा बर्फ खरवडायला लागली. तिच्या तळव्यांची कातडी नळाला चिकटून राहिली. कृष्णाने व्हॉल्व्हवर सारं वजन घातलं. टेम्पोवाला त्याला ओढायला धावला, तर बाकीचे दोघे त्याच्यावर पडले. कुठे काय मोडलं ते दीनाला दिसलं नाही. ऐकू आलं.

मग डॅनियलने नळाच्या सांध्यावर पाना घातला.

८

शिट्टीसारखा आवाज झाला आणि पांढरा लोट फुटला. हमाल लाद्या टाकून पळाले. दीनाच्या डोळ्यांत, घशात कोणीतरी निखारे कोंबावेत तसं झालं. वनिता तिला ओढत होती. तरी ती दारापर्यंत गेली, तोंडाला पदर लावून.

आत धुकं होतं, आणि धुक्यात ते उभे होते. गोल करून, एकमेकांचे खांदे धरून. तोंडं उघडी, इतकी की जबडे निखळल्यासारखे खाली लोंबत होते. कोणी खोकत नव्हतं. त्यांचे कपडे पोटावर ताणले होते आणि त्या ताणलेल्या कापडाखाली काहीतरी सरकत होतं, सगळ्यांच्या एकाच दिशेने, पाण्यावर वारा फिरावा तसं. लोट त्यांच्या तोंडांकडे वळत होता.

डॅनियलने तिला पाहिलं. त्याचे डोळे पांढरे पडायला लागले होते. तो घोळक्यातून सुटला, दारापर्यंत आला. तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ओठ हलले. मग त्याने लोखंडी दार आतून ओढलं आणि कडी घातली.

तिला वाचवण्यासाठी, की आतलं बाहेर जाऊ नये म्हणून, हे दीनाला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

अग्निशमन दलाने मुखवटे घालून दार तोडलं तेव्हा वायू मोजायचं यंत्र काहीच दाखवेना. टाक्या रिकाम्या झालेल्या होत्या आणि खोलीतली हवा पावसानंतरच्या रानासारखी स्वच्छ होती. माणसं गोल पडली होती. ऑपरेटर आणि टेम्पोवाला बाजूला.

वायुगळतीत श्वास कोंडून मृत्यू, असं ठरलं. पाना कोणी उचलला, याची चौकशी चालू राहिली. डॉक्टर सुजय दीनासमोर येऊन उभे राहिले आणि तिच्या मोडलेल्या बोटांना पट्टी बांधून गेले.

९

डॅनियलचं प्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. चुलतभाऊ हासाजी पेणहून आला होता. आसपास राहिलेल्या चार घरांत कोणी गेलं की आंघोळ घालायचं काम त्याच्याकडे असे. कब्रस्तानात खड्डा तयार होता.

आंघोळ अर्धी टाकून हासाजी बाहेर आला. बाह्या ओल्या, चेहरा उतरलेला. "वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "अंग बर्फासारखं गार हाय. पोट गरम लागतंय."

दीना आत गेली. शवविच्छेदनाचे टाके गळ्यापासून खाली गेले होते. तिने पट्टी बांधलेला हात त्यांच्यावर ठेवला. आंबवलेलं पीठ भांड्यात वर येतं तसं तिच्या तळव्याखाली काही फुगत होतं, बसत होतं, पुन्हा फुगत होतं. एक टाका तिच्या देखत उसवला.

बाहेर ओटीवर वनिता येऊन बसली होती. सकाळच्या गाडीने आली होती. रात्रभर जागलेली, अंगाला धुराचा वास. कृष्णाला संध्याकाळीच वाडीवर नेलं होतं.

"आमच्या घरात पुरतात, बाई," ती म्हणाली. "मी नाय पुरला. जालला. सगले नको नको बोलत होते. तुमी पन पुरू नका."

दीनाने हासाजीला सांगितलं. तो मागे सरला. आपल्यात कोणाला कधी जाळलं नाही, म्हणाला. देवाच्या घरी काय तोंड दाखवशील? शीराला काय सांगशील?

तेव्हा दीनाने पहिल्यांदा सगळं सांगितलं. अनिता तिथेच होती, रात्रीपासून तीच ह्या घरात पाणी भरत होती. तिच्यासमोर सांगितलं. खाट, गुडघे, बरगडी, आणि आपण काय खोटं बोललो ते. अनिताच्या हातातली कळशी हळूच खाली टेकली. ती आपल्या घरी गेली आणि तिने दार लावून घेतलं.

हासाजीने टोपी घातली. मग लाकडं बघायला गेला.

नदीकाठी चिता पेटली ती दुपारी. हात जळले, पाय जळले, तोंड ओळखू येईनासं झालं. मधला भाग मात्र ओल्या ओंडक्यासारखा तसाच राहिला. भोवतीच्या ज्वाळा पुनःपुन्हा आत ओढल्यासारख्या वाकायच्या आणि विझायच्या. हासाजीने डबाभर रॉकेल ओतलं. आतून एक आवाज आला, आणि आलेली माणसं पांगली. राहिले तिघेच.

सूर्य कलला तरी ते पोट जळेना. लाकडं संपली. वखारवाला म्हणाला, आता उद्या सकाळी.

"घरात लग्नाचा सागवानी पलंग आहे," दीना हासाजीला म्हणाली. "कुऱ्हाड घेऊन जा. फोडा आणि आणा."

तो गेला. वनिताने बांबू उचलला, दीनाने डाव्या हाताने दुसरं टोक धरलं, आणि पलंग येईपर्यंत दोघींनी मिळून ते पोट निखाऱ्यांत दाबून धरलं.